पदवी एकीची, संध्याकाळ सर्वांची

गेल्या दिवाळीच्या पाडव्याची गोष्ट. फराळ आटोपून आम्ही ओटीवर सुपारी कातरीत बसलों होतों. इतक्यांत सूनबाई एक छापील पुस्तिका घेऊन आली व ती आमच्यापुढें ठेवून म्हणाली, “अण्णा, एवढी वाचून ठेवा. मग मला कांहीं विचारावयाचें आहे.”

आम्हीं चष्मा लावून पुस्तिका वाचली. एम्.बी.ए.चा अर्धवेळ अभ्यासक्रम. वर्ग येथेंच रत्नागिरींत, आठवड्यांतून दोन संध्याकाळीं व रविवारीं दिवसभर. मुदत तीन वर्षें. फी सूनबाईच्या चार-पांच महिन्यांच्या पगाराइतकी. वाचून होतांच आम्हीं निकाल देऊन टाकला. “एम्.बी.ए. करावयाचें तर मुंबई-पुण्यास जाऊन, दोन वर्षें सारें सोडून करावें. गांवच्या गांवांत, तेंही नोकरी संभाळून, म्हणजे अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणें आहे.”

सूनबाई कांहीं बोलली नाहीं. सुपारीचें तबक उचलून ती आंत गेली. अडतीस वर्षें वर्गावर घालविलेल्या माणसाला मुलांच्या मौनाचे दोन प्रकार ओळखतां येतात. एक, उत्तर येत नाहीं म्हणून धरलेलें. आणि दुसरें, उत्तर येतें पण गुरुजी ऐकणार नाहींत म्हणून धरलेलें. हें मौन दुसऱ्या प्रकारचें होतें, व तें आम्हांस रात्रभर टोंचत राहिलें. त्यानंतरच्या दोन महिन्यांत आम्हीं या प्रश्नाचा जो शोध घेतला, तो येथें मांडीत आहों. कारण असा प्रश्न आज पुष्कळ घरांतून उभा राहत असेल, व पुष्कळ वडीलधारी मंडळी आमच्याचसारखा घाईनें निकाल देत असतील.

प्रथम घरची स्थिति सांगितली पाहिजे. कारण तिच्याशिवाय प्रश्नाचा उलगडा होणार नाहीं. आमचें घर झाडगांवांत. घरांत अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातुःश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, सूनबाई आणि तिसऱ्या इयत्तेंत शिकणारा नातू. चिरंजीव चिपळुणास बँकेंत आहेत. ते शनिवारीं रात्रीं येतात व सोमवारीं पहांटे जातात. सूनबाई मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत हिशेबखात्यांत नऊ वर्षें काम करीत आहे. दोन वर्षांपूर्वीं तेथील खातेप्रमुखाची जागा रिकामी झाली. ती बाहेरून आलेल्या एका तरुणास मिळाली. त्याच्यापाशीं व्यवस्थापनाची पदवी होती. त्या तरुणाला खात्याचें सारें काम पहिले सहा महिने सूनबाईनेंच शिकविलें. ही हकीकत आम्हांस पाडव्यानंतर कळली, आणि तीही आमच्या कुटुंबाकडून. आमच्यापाशीं ती बोलली नव्हती.

आतां ही पदवी आहे तरी काय, हें पाहूं. ज्या १९०८ सालीं रत्नागिरीच्या मातींत जन्मलेल्या लोकमान्यांना शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यांत आलें, त्याच सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठानें व्यवस्थापनाची शाळा काढून एम्.बी.ए. ही पदवी सुरू केली. कारखाने मोठे झाले, मालक एक व कामगार हजारों अशी स्थिति आली, तेव्हां हिशेब, खरेदी-विक्री, भांडवल आणि माणसांची नेमणूक या गोष्टी नुसत्या अनुभवावर न सोडतां पद्धतशीर शिकवाव्या, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे १९५३ सालीं कलकत्त्यास व्यवस्थापन शिकविणारी संस्था निघाली. १९६१ सालीं कलकत्ता व अहमदाबाद येथें सरकारनें त्या प्रसिद्ध आय्.आय्.एम्. संस्था स्थापिल्या, आणि १९६५ सालीं मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था सुरू झाली.

“अर्धवेळ” या शब्दाला आम्हीं नाक मुरडलें होतें. तपास करतां असें दिसलें कीं, नोकरींत असलेल्या अधिकाऱ्यांसाठीं निराळा एम्.बी.ए. अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठानें १९४३ सालींच काढला होता. आणि इतकें दूर तरी कशाला जावें? काम करून शिकणें ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यास मजूर व शेतकरी यांच्यासाठीं रात्रीची शाळा चालविली. डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें, तें सकाळीं भरत असे. नोकरी करणाऱ्या मुलांस शिकतां यावें हाच त्यांतला हेतु. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे आमच्या रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत कांहीं वर्षें शिक्षक होते. मास्तरकी करीत असतांनाच त्यांनीं कायद्याच्या परीक्षा दिल्या. पुढें ते हायकोर्टांत वकील झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले आणि १९६३ सालीं भारतरत्न झाले. त्यांची विद्या अर्धवेळची होती असें म्हणण्याची छाती कोणाची होईल? ज्या गांवच्या शाळेंत ते शिकवीत होते, त्याच गांवांत बसून आम्ही अर्ध्या हळकुंडाची गोष्ट सांगत होतों!

तथापि दुसऱ्याच्या मोठेपणावरून आपल्या घरचा निर्णय होत नाहीं. निर्णयास माप हवें. तें माप आम्हांस लहानपणींच्या पाठशाळेंत सांपडलें. आमचे गुरुजी एक जुना हिशेब सांगत असत कीं, विद्येचे चार भाग असतात. एक भाग आचार्यांकडून मिळतो, एक भाग शिष्य स्वतःच्या बुद्धीनें मिळवितो, एक भाग बरोबर शिकणाऱ्यांकडून मिळतो, आणि उरलेला भाग काळच पिकवितो. आम्हीं तीन वाटा या मापानें मोजून पाहिल्या.

पहिली वाट मोठ्या संस्थेची. प्रवेशपरीक्षा देऊन मुंबई, पुणें, अहमदाबाद गांठावयाचें आणि दोन वर्षें दुसरें कांहीं करावयाचें नाहीं. येथें आचार्यांचा भाग उत्तम. पण खरा मोलाचा आहे तो सहाध्यायांचा भाग. देशभरांतून निवडलेलीं मुलें एकत्र येतात; पुढें तींच मोठमोठ्या जागांवर बसतात व एकमेकांस ओळखतात. तेथें जी जबर फी भरावी लागते, तींतील बराच अंश या ओळखीचा असतो. मात्र दोन वर्षांचा पगार बुडतो आणि घर सुटतें. पंचविशीच्या आंतील सड्याफटिंग तरुणाला ही वाट योग्य. आठ वर्षांच्या मुलाच्या आईला ती वाट म्हणजे न जाण्याचें निमित्त. आम्हीं पाडव्याला सूनबाईला हेंच निमित्त उपदेश म्हणून दिलें होतें.

दुसरी वाट दूरशिक्षणाची. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें. अशा विद्यापीठाचीं पुस्तकें घरीं बसून वाचावयाचीं व केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावयाची. ही वाट स्वस्त आहे व घराची घडी मोडीत नाहीं. पण येथें सारा भार स्वतःच्या बुद्धीवर. आचार्यांचा भाग बारीक आणि सहाध्यायांचा त्याहून बारीक. ज्याचा अभ्यास कोणी विचारणारा नसतांनाही चालतो, त्यानें हीच धरावी.

तिसरी वाट गांवांतील वर्गाची. येथले आचार्य कसे, हें पुस्तिकेवरून कळत नाहीं; म्हणून आम्हीं तेथें शिकत असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास गांठलें. त्यानें प्रांजळपणें सांगितलें कीं, कांहीं अध्यापक जीव ओतून शिकवितात व कांहीं पुस्तक वाचून दाखवितात. “आणि वर्गांत तुझ्याबरोबर कोण कोण असतात?” असें विचारतां तो म्हणाला, “बँकेंतले दोघे, मिरकरवाड्याचा मासळी निर्यातीच्या धंद्यांतला एक, एका रुग्णालयाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई, छापखानेवाला एक, आणि आंब्याचे व्यापारी दोन.” आम्ही यावर हंसणार होतों, पण मग ध्यानांत आलें कीं, ज्या माणसाला रत्नागिरींतच राहावयाचें आहे, त्याचा उद्यां व्यवहार पडावयाचा तो याच माणसांशीं. अहमदाबादचा सहाध्यायी उद्यां कोठें सिंगापुरास असेल. मिरकरवाड्याचा सहाध्यायी मिरकरवाड्यासच असेल. गांव सोडून जाणाऱ्यासाठीं जी उणीव, तीच गांवांत राहणाऱ्यासाठीं सोय. चौथा भाग काळाचा. त्यांत तर नोकरदाराचीच सरशी, कारण रविवारीं शिकलेलें सोमवारीं कचेरींत लावून पाहतां येतें.

येथें एक सावधगिरीची सूचना. पुस्तिकेवरचीं सुंदर चित्रें पाहून पैसे भरूं नयेत. पदवी कोणतें विद्यापीठ देणार, विद्यापीठ अनुदान आयोगाची व तंत्रशिक्षण परिषदेची आवश्यक ती मान्यता आहे कीं नाहीं, हें त्यांच्या अधिकृत यादींत स्वतः पाहावें. मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरशिक्षणाच्या व ऑनलाइन पदव्या नेहमींच्या पदव्यांच्या बरोबरीच्या धराव्या, असें आयोगाचे २०२० सालचे नियम सांगतात. पण तेथें “मान्यताप्राप्त” हा शब्दच सर्व कांहीं आहे. उलट, नुसत्या नांवानेंही भुलूं नये. मुंबई विद्यापीठाची याच विषयाची पदवी एम्.एम्.एस्. या नांवानें ओळखली जाते. आणि आय्.आय्.एम्. संस्था तर अर्धशतकाहून अधिक काळ पदवी देतच नव्हत्या. देत होत्या ती पदविका. पदवी देण्याचा अधिकार त्यांस २०१७ च्या कायद्यानें मिळाला. सबब, जेथें बढती हवी आहे तेथील नियम काय म्हणतो, हें आधीं लेखी पाहावें. सूनबाईनें तें आधींच पाहिलें होतें. तिच्या कारखान्याच्या नियमांत मान्यताप्राप्त विद्यापीठाची व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी एवढेंच म्हटलें होतें. पूर्णवेळ कीं अर्धवेळ, याचा उल्लेख नव्हता.

इतका शोध करूनही आमचें मन पुरतें वळलें नव्हतें. तें वळलें एका वहीमुळें.

आमचीं साठ-सत्तर हापूसचीं कलमें आहेत. त्यांचा हिशेब तीस वर्षें आम्ही स्वतः लिहीत आलों. त्या वहीचा आम्हांस थोडा अभिमानही होता. मार्गशीर्षांत एके दिवशीं सूनबाईनें ती वही मागितली. तिनें कॉस्टिंगचें एक पुस्तक कोणाकडून आणलें होतें. चार रात्रीं तिनें जागून काढल्या, आणि पांचव्या दिवशीं एक तक्ता आमच्यापुढें ठेवला. तोडणीची मजुरी, पेटी, पेंढा, हमाली, गाडीभाडें, दलाली, अढींत खराब होणारा आंबा, सारें तिनें पेटीपेटीवर विभागून मांडलें होतें. एप्रिलांत वाशीस गेलेल्या पेटीवर चांगला नफा. मेच्या आरंभीं बेताचा. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतरच्या पेटीवर दलालाकडून येणाऱ्या पट्टीपेक्षां आमचा खर्चच अधिक! तो उशिराचा आंबा कॅनिंगला घातला असता, तर निदान पदरचें गेलें नसतें. म्हणजे दर वर्षीं शेवटचे पंधरा दिवस आम्ही स्वतःचे पैसे खर्चून मुंबईकरांना आंबे खाऊं घालीत होतों, आणि वहींत एकूण जमा-खर्चाच्या बेरजा बरोबर येत असल्यामुळें तें आम्हांस कधीं दिसलें नव्हतें.

आम्हांस प्रथम राग आला, मग लाज वाटली. आणि मग जो शेवटचा मुद्दा उरला होता, तो आम्हीं काढला. “हें सारें तूं एका पुस्तकावरून शिकलीस. मग पदवी कशाला हवी?”

ती म्हणाली, “अण्णा, हा तक्ता तुम्हीं पाहिलात, कारण मी तुमची सून. असाच तक्ता मी कचेरींत दोनदां नेला. तेथें तो कोणी उघडलासुद्धां नाहीं. तेथें आधीं विचारतात, मांडणारा कोण शिकलेला आहे?”

हें ऐकून आम्ही गप्प झालों; कारण हें वाक्य आम्हांस ठाऊक होतें. आम्ही १९७४ सालीं जुनी अकरावी, म्हणजे ज्याला वडील मंडळी मॅट्रिक म्हणत ती, उत्तीर्ण झालों. संस्कृत पाठशाळेंत शिकलों होतों. म्हणून वरच्या वर्गांचे संस्कृताचे तास कित्येक वर्षें आमच्याकडे होते. परंतु हजेरीपटावर आमचें नांव खालच्या वर्गांच्या शिक्षकांतच राहिलें. एके वर्षीं बी.ए., बी.एड्. झालेले एक तरुण गृहस्थ आले व ते तास नियमानें त्यांच्याकडे गेले. गृहस्थ सज्जन होते. अडलेलीं रूपें विचारावयास ते आमच्याचकडे येत. मुक्त विद्यापीठ निघालें तेव्हां आम्ही बत्तीस वर्षांचे होतों. एका मित्रानें अर्ज आणून दिला, तो आम्हीं भरला नाहीं. विद्येला कागद कशाला, असें चारचौघांत म्हणत राहिलों, आणि लोकांनाही तें तेजस्वी वाटलें. खरें कारण निराळें होतें. नापास झालों तर आपलेच विद्यार्थी काय म्हणतील, ही भीति. ती भीति आम्हीं तेव्हां तत्त्वज्ञानाच्या उपरण्याखालीं झांकली, आणि पाडव्याच्या दिवशीं तेंच उपरणें सूनबाईच्या अंगावर टाकावयास निघालों होतों.

दुसऱ्या रविवारीं चिरंजीव घरीं असतां सर्व मंडळी माजघरांत बसलों. फीचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. कर्ज काढावयाचें नाहीं, तिच्या शिलकेंतून हप्त्यानें भरावयाची, असें ठरलें. मग आमच्या कुटुंबानें खरी अडचण काढली. “शिकूं दे कीं. पण रविवार? आठवड्यांतून एकच दिवस नवरा-बायको आणि पोर एकत्र असतात. तो दिवस तुम्ही कोणत्या खात्यांत मांडणार?”

पुस्तिकेंत ही फी लिहिलेली नव्हती. आम्हीं तेथेंच आंकडे केले. वर्षाचे ४० आठवडे धरले, तर तीन वर्षांत १२० आठवडे. म्हणजे २४० संध्याकाळी आणि १२० रविवार. पदवी एकीच्या नांवावर, पण या संध्याकाळी भरावयाच्या त्या साऱ्या घरानें. त्या कोणी कोणी भरावयाच्या, हें न ठरवितां प्रवेश घेतला असता तर त्या न बोलतां आमच्या कुटुंबाच्या व भावजयीच्या डोक्यावर पडल्या असत्या, आणि सहा महिन्यांनीं कुरबुर होऊन सूनबाईनें आपण होऊन शिक्षण सोडलें असतें. अशा रीतीनें सुटलेलीं शिक्षणें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

म्हणून कागद घेऊन वांटणी केली. बँकेला दुसऱ्या व चौथ्या शनिवारीं सुटी असते. त्या आठवड्यांत चिरंजीवांनीं शुक्रवारीं रात्रींच यावें, व सूनबाईनें त्या शनिवारीं अर्धी रजा घ्यावी. रविवारचा स्वयंपाक बंधु व चिरंजीव यांनीं मिळून करावा. बंधूंच्या हातची आमटी बरी असते, हें या निमित्तानें उघडकीस आलें. वर्गाच्या दोन संध्याकाळीं भावजयीनें भाकरी-भाजी पाहावी, नातवाचे पाढे व शुद्धलेखन आम्हीं घ्यावें, आणि मातुःश्रींचें जेवण व औषधें हींही आमच्याचकडे. मातुःश्रींना विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “ती शिकत्ये तर मी सहाला जेवत्यें ती साडेसहाला जेवेन. पण भात मऊ हवा.” सदुसष्टाव्या वर्षीं आम्ही भात लावावयास शिकलों, तो असा.

आणखी एक कलम सूनबाईच्याच आग्रहावरून घातलें. एक वर्षानें सर्वांनीं पुन्हा बसावयाचें. मातुःश्रींची प्रकृति बिघडली, मुलाचें मन लागेनासें झालें किंवा शिकविण्यांत अर्थ नाहीं असें तिला दिसलें, तर थांबावयाचें, व त्यांत कोणीं कमीपणा मानावयाचा नाहीं. हें कलम असल्यामुळेंच पाऊल टाकण्यास धीर आला.

आतां आमचें मत विचाराल तर असें. ज्याला क्षेत्र बदलावयाचें आहे, मोठ्या शहरांतील मोठ्या कंपनींत शिरावयाचें आहे, त्याला गांवची अर्धवेळ पदवी फारशी उपयोगी पडणार नाहीं. त्यानें मोठी प्रवेशपरीक्षा द्यावी, अगर पैसे वांचवावे. ज्याला हातीं काम नाहीं व केवळ रिकामपण भरावयाचें आहे, त्यानेंही तिच्या वाटेस जाऊं नये. पण ज्याच्या हातीं काम आहे, तें काम येथेंच करावयाचें आहे, आणि ज्याचें म्हणणें केवळ कागदावांचून ऐकलें जात नाहीं, त्याच्यासाठीं ही पदवी मोलाची आहे. मात्र मान्यता पाहिलेली असावी, फी कर्जावांचून झेपणारी असावी, आणि संध्याकाळींची वांटणी आधीं झालेली असावी. यांतली शेवटली अट बहुतेक घरें विसरतात, विशेषतः शिकणारी सून असली म्हणजे. मुलगा शिकत असला कीं घर आपोआप हलक्या पावलांनीं चालतें. सुनेसाठीं तें कागदावर लिहून ठेवावें लागतें, ही गोष्ट आम्हां वडीलधाऱ्यांस भूषणावह नाहीं.

सूनबाईचा प्रवेश झाला आहे. तिला ती जागा मिळेल कीं नाहीं, हें आज कोणीं सांगावें? वांटणीचा कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटविलेला आहे व त्यावर हळदीचे डाग पडूं लागले आहेत. आंब्याची वही आम्हीं तिच्या स्वाधीन केली. आतां साडेसहा होत आले. मातुःश्री पाटावर येऊन बसल्या असतील, आणि भात अद्याप उतरावयाचा आहे. म्हणून येथेंच थांबतों.